तक्त्याची प्रत

हॉल आधी मिळाला होता, मग म्हणे गळू लागला.
पावती परत आली, गळती काही दिसली नाही.
जुनं चिन्ह कोर्टात; तारखेवर तारीख.
आम्हाला मिळालं शिवणयंत्र.
खैरनार बाई म्हणाल्या, बरं झालं,
फाटलेलं दाखवायला नको, लोक ते घालूनच येतात.

शेजारच्या प्रभागात तर मतदानच नाही.
तिघांनी अर्ज मागे घेतले एका दुपारी,
चौथ्याच्या दुकानाला सील लागलं.
बिनविरोध. ढोल वाजले थेट द्वारकेपर्यंत.

मी सातपूरच्या शाळेत, खोली नंबर तीन,
पहिलीच्या बाकावर गुडघे दुमडून.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांचे नंबर तपासले.
एक आकडा चुकला की अख्खा ताव रद्द,
मग सही कोणाचीही असो.
तीच सवय. माणसामागे एक रेघ,
चार उभ्या, पाचवी आडवी.

संध्याकाळी माझ्या वहीत सहाशे अठरा.
तक्त्याची प्रत मागितली.
अधिकारी म्हणाले, उद्या या.
म्हटलं, बसतो.
त्यांनी पंखा बंद केला. बसलो.
मग दिवा.

समोरच्या पक्षाचा, पगारांचा पोरगा,
दिवसभर माझ्या रेघांना हसत होता.
बाहेर गाडीवर त्यानेच चहा सांगितला,
आणि इकडेतिकडे बघत हळूच विचारलं,
"काका, खरा आकडा किती?
आम्हालाही सांगत नाहीत."

मी वही उघडली.
मोबाइलच्या उजेडात त्याने रेघा मोजल्या,
एकदा, आणि मग
बोट ठेवून
पुन्हा पहिल्यापासून.