घट

सिंधरोटहून पहाटे टेम्पो येतो, महीच्या वाळूतला माल घेऊन.
खंडेराव मार्केटात खरबुजाला आम्ही टेटीच म्हणतो,
मराठी घरांतसुद्धा.
वही मात्र मराठीत, कारण ती माझ्या हातात.
शेवटचा रकाना: घट.
हमालाचा भाविन अक्षरं जुळवत विचारतो,
घट म्हणजे मडकं ना?
दोन्ही, मी म्हणते.

देठ सुटला की वेल पाणी द्यायची थांबते,
टेटी श्वास सोडायची थांबत नाही.
गिऱ्हाइकाला जी जाळी नक्षी वाटते
त्या वाढताना पडलेल्या भेगा,
भरून आलेल्या, पुरत्या न मिटलेल्या.
तिथून, आणि देठाच्या रुपयाएवढ्या वणातून
वाफ निघून जाते. पावती नाही.

ओलं पोतं वर टाकावं तर वण बुरशी धरतो,
न टाकावं तर काटा रोज हलका.
मी पोतं भिजवते, पिळते, शेजारी टांगते.
हवेची तहान आधी भागवायची.

मंगळवारी दांडिया बाजारच्या मृणालिनी पागे आल्या,
पिशवीत शनिवारची टेटी.
"बाराशे ग्रॅमचे पैसे घेतलेत. घरच्या काट्यावर अकराशे चाळीस."
मी साल दाबली. खळगा पडला, तसाच राहिला.
"कुठे ठेवली होती?"
"टेबलावर. पंख्याखाली. गरम होऊ नये म्हणून."
"मग साठ ग्रॅम तुमच्याच घरात आहेत,
थोडे पडद्यात, थोडे खिडकीबाहेर."
रागावतील वाटलं होतं.
त्यांनी मान वर केली;
आमच्या डोक्यावरही पंखाच फिरत होता.

"आज कापा. उद्या वास येईल छान,
पण दाताखाली काही लागायचं नाही."
"एकटीला अर्धी संपत नाही हो," त्या म्हणाल्या,
आणि सुरी मागितली.
ताजी असती तर करकरली असती.
ही गुपचूप उघडली.
चौघांनी खाल्ली. भाविननं बियांचा गर चोखला.
गोड होती, जराशी थकलेली.

दोन रुपये चाळीस पैसे होत होते. मी तीन दिले,
त्यांनी ते वजनाच्या पारड्यात ठेवले आणि गेल्या.

संध्याकाळी रकान्यात साठ लिहिले
आणि उठून पंखा बंद केला.
पाच मिनिटांत बशीरभाईंची पाठ ओली.
"अगं, माणसंही टिकवायची आहेत ना!"
पुन्हा लावला.