बारा वाजून तेरा

पत्र तालुक्याहून आलं:
आठवीच्या हुशार मुलांसाठी प्रगत अभ्यासक्रम,
विषय पृथ्वी आणि अवकाश,
सुट्टीत, सकाळी सात ते साडेनऊ.
हुशार कोण, ते पत्रात नव्हतं,
म्हणून जे आले ते मी हुशार धरले.
नऊ जण.
शिवाय चौथीतला गोलू,
बहिणीला एकटी धाडत नाहीत म्हणून आलेला.

पुस्तकात पृथ्वी कापून दाखवलीय,
डांगरासारखी, आत लालभडक.
प्रांजू कुमरे ते चित्र बराच वेळ बघत राहिली
आणि दुसऱ्या दिवशी चार पुड्या घेऊन आली.
बाप बोअरच्या गाडीवर. त्यानं बांधून दिलेल्या:
बारा फुटांवरचा मुरूम,
साठावरचा काळा चुरा,
नव्वदवरची लाल माती,
खाली पुन्हा काळा.
"बाबा म्हन्ते, पुस्तक सुरवातीपासून सांगते,
आमची गाडी आजपासून मांगं जाते."

लाल पुडी मी हातावर ओतली.
सांगितलं, दोन लाव्ह्यांच्या मधे
बरीच वर्षं काही आलं नाही वरून.
दगड कुजला, त्याची माती झाली,
मग पुन्हा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली.
साडेसहा कोटी वर्षं झाली असतील.
"म्हंजे तटी वावर होतं?" सम्यकनं विचारलं.
वावर नाही रे. माती होती.
वावर म्हणणारं कोणी नव्हतं.
यावर कोणी बोललं नाही.
बाहेर हातपंप कोणीतरी हापसत होतं.

वीस मेला मी त्यांना दुपारपर्यंत थांबवलं.
पारा सेहेचाळीस. प्रत्येकाच्या खिशात कांदा,
तोंडाला दुपट्टे, जणू दरोड्याला निघालोय.
मैदानात पाइपाचा तुकडा पुरला,
दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला,
आणि बसलो कडुलिंबाखाली
सावली आखडताना बघत.
वीतभर. चार बोटं. बोटभर.
सरपंचांचा भाचा गाडी थांबवून म्हणाला,
"मॅडम, काय हरवलं?"
"अजून नाही," मी म्हटलं, "हरवेल आता."

बारा वाजून तेरा.
पाइपाला सावली नव्हती.
हातपंपाच्या दांड्याची त्याच्याच खाली गेलेली,
आणि आम्ही दहाजण आपापल्या सावलीवर उभे,
कुणाचीही बाहेर सांडत नव्हती.
मी सांगितलं, हे दिल्लीला कधीच होत नाही,
दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे.
पोरांना इतका आनंद
मी निकालाच्या दिवशीही पाहिला नाही.
"दिल्लीले नाई! आमाले हाये!"
गोलू तेवढ्यात उड्या मारत सुटला:
"ताई, पाय, मी वर गेलो का ते दिसते!
खाली थांबते माह्यासाठी!"

एका मिनिटानं पाइपाच्या बुडाशी
नखाएवढं काळं उगवलं, पूर्वेकडे.

जुलैच्या तेविसाला सूर्य पुन्हा डोक्यावर येईल.
तेव्हा शाळा भरलेली असेल
आणि वर ढग.
अहवालात 'निष्पत्ती' नावाचा रकाना आहे,
तो मी अजून भरलेला नाही.

पाइप उपटला तेव्हा भोक राहिलं.
प्रांजूनं पुड्या सोडल्या,
आधी खालचा काळा, मग लाल,
मग काळा, मग मुरूम,
आणि चपलेनं वरून माती लोटली.
कायले, म्हणून विचारलं तर म्हणाली,
"असू द्या ना मॅडम.
कोनी तं खोदनच."