गो, नो-गो

वाळूजला बोल्ट तपासते मी, चौदा वर्षं झाली.
दोन रिंगा असतात, एक गो, एक नो-गो.
गो चढली, नो-गो अडली, तर पेटीत.
नाहीतर लाल ट्रे.

कंपनीनं तीस जणांची फी भरलेली.
एकोणतीस नावं आली. सुपरवायझर म्हणाला,
मथुराबाई, तुम्ही पळता का?
लिहा, म्हटलं.
उरलेला टी-शर्ट डबल एक्सेल होता.

पहाटे क्रीडा संकुलात थंडी, बामाचा वास,
माइकवर कुणीतरी ओरडायलेलं.
छातीवरचा नंबर सारखा तिरपा होई.
घाटीत डॉक्टरकी शिकणाऱ्या एका पोरीनं पिना लावल्या.
काकू, पहिले पाच किलोमीटर मुद्दाम हळू.
मुद्दाम कशाला, म्हटलं, मला तेवढंच येतं.

जालना रोड सपाट आहे असं मला वाटायचं.
रोज कंपनीच्या बसमध्ये डुलकी घेत
मी त्याच्यावरनं गेलेय.
क्रांती चौकाचा पूल, मोंढा नाक्याचा पूल,
सेव्हन हिलचा पूल,
पायांनी एकेक चढ मोजून दाखवला.

आज आमच्या गल्लीत पाणी यायचा दिवस.
आठवड्यातून एकदा, पाऊण तास.
नवऱ्याला सांगून आलते,
आधी प्यायचं भर, मग टाकी, ड्रम शेवटी.
आणि इथं टेबलं मांडून ग्लास भरलेले,
लोक एक घोट घ्यायलेत, बाकी डोक्यावर,
उरलेलं डांबरावर.
मला फेकता येईना.
सगळं प्याले. पुढच्या टेबलावरही सगळं.
सिडकोपर्यंत पोटात डचमळणारा हंडा घेऊन पळाले.

चिकलठाण्याहून पहिली पोरं परत फिरलेली दिसली,
नव्या मशीनसारखी, आवाजच नाही.
मागून रिटायर वायरमन खरातबुवा, अनवाणी.
त्यांनी हात केला. मीही केला.
नंतर बराच वेळ कुणीच नाही.

मग मागून छोटा हत्ती.
रस्त्यावरचे नारंगी शंकू उचलत यायलेला.
मी गेले की शंकू गेला.
मी गेले की रस्ता रिक्षांचा.
हॉर्न वाजेना म्हणून मीच थांबले,
भाऊ, माझ्यामुळं खोळंबा व्हायलाय का?
"आराम से चलो आपा," मुनीर म्हणाला,
"मेरेकू दिन के हिसाब से पैसे हैं."
एरवी करमाडहून मोसंबी आणतो म्हणे.
एकदाच विचारलं त्यानं, बैठते क्या?
मी नको म्हटलं. त्यानं परत विचारलं नाही.

तीन तासांची मुदत होती.
मला तीन तास सव्वीस मिनिटं लागली.
वेळ मोजणारी चटई गुंडाळून ठेवलेली,
हवा काढलेली कमान
म्हशीसारखी आडवी पसरलेली.
कुठून आत जायचं तेच कळेना.

मुनीर उतरला.
टेम्पोतले दोन शंकू काढले,
पांढऱ्या पट्ट्याच्या दोन टोकांना ठेवले,
मधली फट डोळ्यानं मापली,
एक शंकू बोटभर सरकवला.
जाओ, म्हणाला.

गेले.
दोन्ही खांदे कुठंच घासले नाहीत.

मेडलं संपली होती.
कुरिअर करू म्हणत एका मुलानं पत्ता लिहून घेतला.
पिनकोडचा एक आकडा चुकवला त्यानं.
मी खोडून बरोबर करून दिला.
फोनवर नवरा म्हणाला,
पाणी पंचवीस मिनिटंच आलं,
ड्रम कोरडाय.

सोमवारी पहिली शिफ्ट.
बसच्या पायऱ्या खेकड्यासारखी उतरले,
एकोणतीस जण हसले, मीही.
दहाच्या सुमाराला एक बोल्ट असा आला
की गो निम्म्यात अडली.
फिरवून बघितला. तेल लावून बघितला.
नाही.

लाल ट्रेमध्ये एरवी लांबूनच फेकते.
आज उठले, चार पावलं गेले,
ठेवला.