काळा दिवस, इयत्ता सातवी

जंजिरा पुस्तकात नाही.
पुस्तक सरकारी, बेंगळूरचं.
जंजिरा मी पदरचा सांगतो,
दरसाल, दिवाळीच्या तोंडावर,
पोरं मातीचे किल्ले बांधायला घेतात तेव्हा,
आवाज चढवून, पट्टीची तलवार करून.
यंदा म्हणालो, ‘आणि सिद्दी काही केल्या हटेना,’
तर अठ्ठावीस माना
एकदम तिसऱ्या बाकाकडं वळल्या.

रोजारीन बस्त्यांव सिद्दी.
हजेरीपटात हे नाव मीच लिहिलेलं, निळ्या शाईत.
बावीस वर्षांच्या मास्तरकीत
ते नाव आणि ते वाक्य
एका खोलीत कधी भेटलं नव्हतं.

तिनं मान खाली घातली नाही.
कंपासपेटीतलं कर्कटक उघडलं, मिटलं.
मधल्या सुट्टीत पोरं लढाई खेळली,
तू कुणीकडनं, असं तिला कुणी विचारलं नाही.
ठरलेलंच होतं.

मग एकेक आठवत गेलं.
तालुक्याच्या शर्यतीत तिचं नाव
मी न विचारता घातलं होतं,
‘ह्यांच्या रक्तातच असतंय पळणं.’
आली शेवटून दुसरी.
तिला येतो एकोणतीसचा पाढा, उलटासुद्धा.
आणि गॅदरिंगला तिच्या वस्तीचा दमाम,
अंगाला पानं बांधून नाचा, असं आम्हीच सांगायचो.
पानं त्यांनी पूर्वी कधी बांधली नव्हती.
पाहुण्यांना बरं वाटतं म्हणून बांधली.

शनिवारी गुंजीच्या पुढं, रेल्वेफाटक ओलांडून
वही घेऊन वस्तीवर गेलो.
तिचे आजोबा कैतान बांबू सोलत होते.
म्हटलं, तुमचा इतिहास सांगा, वर्गात शिकवायचा आहे.
बांबू संपेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले,
‘गलबतातनं आणलं. गोव्यात इकलं. रान गाठलं.
एवढं आमाला म्हायत हाय.
कुणापासनं पळालो
ते तुमी शिकिवलं पायजे की ओ, मास्तर.
इकणाऱ्याची, घेणाऱ्याची नावं
कुठंतरी लिवलेली असतीली.
आमची न्हाईत.’

सोमवारी नकाशा टांगला.
गोव्यापासून आपलं रान किती लांब?
तीच पट्टी घेऊन पोरांनी मोजलं.
‘अडीच सेंटीमीटर, सर!’
तिसऱ्या बाकावरून आवाज आला,
‘आणि रात्रीचं चालायचं, तर?’
कुणी हसलं नाही.
पाटलांच्या प्रथमेशनं विचारलं,
मग किल्ल्यावरचा सिद्दी चांगला की वाईट?
सांगतो म्हणालो.
तेवढ्यात घंटा झाली.
बरं झालं, असं वाटलं, हे लपवत नाही.

एक नोव्हेंबरला शाळेत झेंडावंदन.
नोकरी सरकारी,
तेव्हा काळी फीत दंडावर नाही, खिशात.
टोक बाहेर आलेलं तिनं पाहिलं.
‘हे कसलं, सर?’
हळूच सांगितलं, आज आपला काळा दिवस.
सांगितलं, उतारा कन्नडात, नोटीस कन्नडात,
आपल्याच गावात आपल्याला म्हणतात,
जा की तुमच्या राज्यात.
ती म्हणाली, ‘खानापूरच्या स्टँडवर बाबांनाबी इचारतात,
कुठल्या देशातनं आलास.’
थोडा वेळ थांबून,
‘वाईट हाय म्हणून काळा व्हय, सर?’

अन्याय हा शब्द मी घरात शिकलो,
चुलत्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून, फेरीत.
तो माझ्याही तोंडून कुणावर होत असेल,
असं कुणी शिकवलं नव्हतं.
माझ्या गाऱ्हाण्याला निदान मोर्चा आहे, तारीख आहे.
उत्तर दिलं नाही.
फीत आत ढकलली.
आता ती कपाटात आहे, खडूंच्या डब्यामागं,
टाकलेली नाही. तसं खोटं सांगणार नाही.

दिवाळीची सुट्टी संपता संपता वस्तीकडनं गेलो.
तिच्या दारातही किल्ला.
वर राजा नाही, तोफ नाही, एक मावळा नाही.
पायथ्याला मात्र कारवीच्या काड्यांचं रान,
बोट शिरणार नाही असं दाट.
वाकून विचारलं, ‘ह्यात कोण कोण आहे?’
ती मातीचे हात मागं पुसत म्हणाली,
‘दिसले तर सापडतील की ओ, सर.’