तिसरं अक्षर

दर मंगळवारी कोझा नदीच्या वरच्या वळणावर
मी गाडी उभी करते. तोराकिचींच्या दारात
बूट काढायच्या आधीच ऐकू येतो त्यांचा श्वास,
यंत्राचा: भरतो, थांबतो, सुटतो.
सुमिए म्हणते, रात्री वीज गेली की मला जाग येते
अंधाराने नव्हे, त्याच्या गप्प होण्याने.

आधी बोटं. एकेक उलगडायचं.
मग मनगट, कोपर. खांदा दुखेल त्याच्या जरा अलीकडेच सोडायचा.
या हातांनी पन्नास वर्षं उतारावरची संत्र्याची झाडं छाटली.
अंगठ्याच्या मुळाशी कात्रीचा घट्टा होता,
गेल्या वसंतात तोही विरला.
मी बरं करायला येत नाही.
हे त्यांना पहिल्या दिवशीच ठाऊक होतं,
मला कळायला दोन वर्षं लागली.

मग फळी. काचेसारखी आरपार,
तिच्यावर आमची पन्नास अक्षरं.
ते पलीकडून अक्षराकडे बघतात, मी अलीकडून त्यांच्याकडे,
दोन नजरा जिथे एका रेषेत येतील
ते अक्षर मोठ्याने म्हणायचं.
बरोबर असेल तर पापणी एकदा.

'मि.'
मी लगेच: मिझु? पाणी? ओठ ओले करू?
डोळे मिटले ते मिटलेलेच.
मिमि? कान दुखतोय का?
स्वयंपाकघरातून सुमिए म्हणाली,
अगं, त्यांच्या तोंडचा घास काढलाच आहे आजाराने,
तू निदान शब्द तरी काढू नकोस.

फळी पुन्हा धरली. दंड भरून आले.
'का.'
मी दाताखाली ओठ धरला.
'न.'

मिकान. संत्रं.
पोटातल्या नळीवर जगणारा माणूस!
वाटलं, सोलून नाकाशी धरावं, वास तरी...
पण नजर फळीवरच होती. वाक्य संपलं नव्हतं.

वीस मिनिटं लागली. माझा चहा निवला.
संत्री घेऊन जा.
वरची नकोत.
खालची गोड.

सुमिएने पेटीतला वरचा थर बाजूला केला,
सारख्या मापाचा, बाजारात दाखवायचा,
आणि तळातून काढली अकरा,
डागाळलेली, वाऱ्याने फांद्यांवर घासलेली.

पुढच्या घरी उशीर झालेला.
तरी किल्ली न फिरवता
गाडीतच एक सोललं.

म्हातारा खोटं बोलत नव्हता.