खाच

भांडुपला, सोनापूरच्या नाक्यावर
बाबालाल नदाफनं माझी सीट उलटी केली,
रेक्झिन उसवलं
आणि पिवळा पडलेला फोम हातावर घेऊन
तळहात वाचावा तसा वाचला.

"उजवा खड्डा जास्त खोल.
मागच्या खिशात पाकीट ठेवतं का कुणी?"
ठेवतात. आमचे हे. रात्रपाळीला हीच रिक्षा.
म्हणजे सहा वर्षं मी दिवसभर
दुसऱ्याच्या बसण्यात बसत होते.

धाकटीच्या वेळेपासून माकडहाड कायम जागं.
चेकनाक्यापासून पुढचा एकेक पेव्हर ब्लॉक
त्याला नावानिशी पाठ.
फुगवायचं रबरी कडं घेतलं,
वळणावर भोपळ्यागत घरंगळायचे.
सासूबाईंची उशी दोन दिवसांत पोळी झाली.
मग मऊ, अगदी लोण्यासारखा फोम,
त्यात रुतत गेले, रुतत गेले,
तळाशी पुन्हा तोच पत्रा.

दवाखान्यातल्या फिजिओ पोरीनं
हाडांचा प्लास्टिकचा कटोरा पुढ्यात ठेवला.
"बसायचं या दोन गाठींवर, ताई.
मागचं हे टोक अधांतरी राहू दे.
आणि लघवी दाबून बसत जाऊ नका."
मी म्हटलं, कुठे जायचं तेवढं सांग.
ती गप्प झाली.
मग चिठ्ठीवर लिहिलं: घट्ट फोम, मागे खाच.

नदाफनं कोऱ्या तुकड्यावर मला बसवलं,
स्वतः रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.
उठले, तर फोम हळूहळू वर येत होता;
त्यानं घाईनं खडू फिरवला.
"आजोबा कापूस पिंजायचे, मिरजेत.
गादी उलगडली की सांगायचे,
या घरात कोण कुशीवर झोपतं."
सुरी चालली. घोड्याच्या नालेएवढी जागा रिकामी.
सातशे रुपये झाले.

पहिल्या दिवशी विक्रोळीपर्यंत
मी दुखणं शोधत गेले.
कांजूरला सापडलं थोडं,
पण ते उन्हातल्या कुत्र्यासारखं,
मान वर करून परत आडवं.

रात्री ह्यांची तक्रार:
"पैसे मोजून फोम कमी आणलास?
मध्येच भोक कसलं?"
तेव्हापासून पाळीला निघताना
ते पंचाची घडी त्या खाचेत कोंबतात.

पहाटे पाचला मी ती उपसते,
झटकते, मागच्या दांडीवर वाळत टाकते,
जरा पुढे सरकून, मागे रेलून
दोन्ही गाठी आपापल्या जागी आल्या का बघते,
आणि मीटर पाडते.