पळसपापडी

खालची पापणी ओढून बघायची.
तांबडी असली तर मेंढी आपली,
पांढरी पडली की जंतांची.
काल चाळिसात अकरा पांढऱ्या निघाल्या,
ठिपकीच्या तर जबड्याखाली
पाण्याची पिशवीच लोंबत होती.

वाघोलीच्या मोकळ्या प्लॉटवर वाघर लावलीय,
पाया खणेपर्यंत बसा म्हणालाय मालक.

वावडिंग बोहरी आळीतून आणलं.
पुडी बांधता बांधता दुकानदारानं विचारलं,
'लेकराला का? वजन किती?'
म्हटलं, 'पंचवीस किलो. अकरा लेकरं हायत.'
त्यानं चष्मा वर केला,
मग मूठभर जास्तच घातलं.

पण एकट्या वावडिंगानं भागत नाही.
पळसाचं बी लागतं,
चपटं, तांबूस, जुन्या रुपयाएवढं.
सासऱ्यानं दाखवलेले पळस ओढ्याकाठी होते.
ओढा आता पाइपातून जातो.
तिथं पंधरा मजले उभे, कमानीवर नाव: पलाश.
शेजारी फूलही काढलंय, जांभळं.

गेटवरचा रखवालदार झारखंडचा.
मी बोटांनी तीन पानं करून दाखवली,
तो खुर्चीवरून उठलाच.
'परास? है ना! टंकी के पीछे एक छूट गया है.'
टोपी भरून शेंगा आणल्या त्यानं,
आणि टोपी झटकून परत घातली.

रात्रभर भिजवलं, साल काढली, वाटलं,
गूळ घातला, ताक घातलं,
बांबूच्या नळ्यानं एकेकीला पाजलं.
'मान लई वर नको धरू,' मी म्हणत होते,
'छातीत उतरलं तर जंत राहतील अन् मेंढी जाईल.'
नवरा म्हणाला, 'मला शिकीव आता.'
मान मात्र खाली घेतली.

तिसऱ्या दिवशी काटकीनं लेंड्या चिवडत बसले.
वरच्या बाल्कनीतून कुणीतरी फोटो काढला.
काढ बाई.
भाताच्या शितांगत तुकडे पडले होते,
मला ते दागिन्यांपेक्षा बरे वाटले.

पंधरवड्यानं आठ पापण्या भरल्या.
दोघींचं अजून तळ्यात-मळ्यात.
ठिपकीला टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेली,
डॉक्टरीणबाईनं बाटलीतलं पाजलं.
पाजू दे. माझं वैर जंतांशी,
बाटलीशी नाही.

निघायच्या दिवशी
चार बिया रखवालदाराच्या हातावर ठेवल्या,
'टाकीमागं पूर.'
तो म्हणाला, 'यहाँ पेड़ लगाना मना है.'
'लावलं कुणी?' म्हटलं,
'पडलं म्हणायचं.'